त्या खोलीतली हवा

इरिडियमचा नवा सोर्स येतो तेव्हा त्याच्यासोबत एक कागद येतो. कागदावर सोर्सचा क्रमांक, तारीख, वेळ आणि सोर्स किती तीव्र आहे हे सांगणारा एक आकडा. तो काढणाऱ्यांची प्रयोगशाळा आमच्याहून चांगली असते आणि बहुतेक वेळा त्यांचा आकडा बरोबरच निघतो. तरीही नुसत्या कागदाच्या भरवशावर मी एकही उपचार सुरू होऊ देत नाही. सोर्स मशीनमध्ये बसला की आमच्या खोलीत, आमच्या चेंबरने तो पुन्हा मोजायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर थांबायचं. कितीही पेशंट ताटकळत असले तरी थांबायचं.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. कर्करोगावर किरणोपचार होतात तिथे डॉक्टर ठरवतात की किती डोस द्यायचा आणि कुठे द्यायचा. तेवढाच आणि तिथेच तो जातोय ना, हे बघायचं काम माझं. पदव्युत्तर पदवीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा मी अणुशक्तीनगरला केला. हा अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे आणि देशातले कितीतरी फिजिसिस्ट त्यातूनच बाहेर पडलेले आहेत. नोकरी पुण्यात, घर शिवऱ्याला. पुणे-सातारा रस्त्यावरचं, भोर तालुक्यातलं हे गाव. पुढे चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. या सगळ्या पट्ट्यातून पुण्याला उपचारासाठी येणाऱ्या बायका मला वर्षानुवर्षं दिसत आल्या आहेत.

त्या उशिरा येतात. अंगावरून जातंय हे घरात बोलायचं नाही, बोललं तर भाताची लावणी उरकू दे, मग काढणी उरकू दे, मग लेकीचं लग्न. दुखणं अंगावर काढतात. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिथल्या सुरुवातीच्या नोंदींत बायकांच्या कर्करोगांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सगळ्यांत वर होता. आता चित्र बदलतंय, पण आमच्या ब्रेकीथेरपीच्या यादीत अजूनही सर्वांत मोठा वाटा याच आजाराचा असतो. आधी पाचेक आठवडे बाहेरून किरणं देतात, ज्याला आमच्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात. नंतर ब्रेकी. त्यात अ‍ॅप्लिकेटर म्हणजे पोकळ नळ्या गर्भाशयात बसवतात आणि मशीन त्या नळ्यांतून सोर्स थेट गाठीपाशी नेतं. ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतं, पुढे सरकतं, परत येतं. हा दुसरा टप्पा झाला नाही किंवा नीट झाला नाही, तर पहिल्या टप्प्याची बरीचशी मेहनत वाया जाते.

सोर्स म्हणजे काय, तर पोलादी वायरच्या टोकाला जोडलेली एक कुपी. लांबीला साडेचार-पाच मिलीमीटर, जाडीला एक मिलीमीटरहूनही कमी. आंबेमोहराची कणी हातात घेतली तर साधारण तेवढीच भरेल. हातात घेण्याचा प्रश्न अर्थातच येत नाही. ताज्या सोर्सची क्रियाशीलता १० क्युरी, म्हणजे ३७० गिगाबेक्वेरेल असते. त्याच्यापासून १ मीटरवर हवेत तासाला सुमारे ४० मिलिग्रे भरतात. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळतात, हे लक्षात घेतलं की त्या कणीची ताकद कळते. म्हणून ती जाड शिशाच्या भांड्यातून येते, कंपनीचा इंजिनिअर आणि आम्ही मिळून ती बदलतो, जुनी परत पाठवतो, आणि प्रत्येक हालचालीची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या पोर्टलवर करतो.

पूर्वी या जागी रेडियम होतं. मेरी क्युरींनी १९११ साली २१.९९ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद केलं आणि ते रेडियमचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. तेव्हा डोस मोजायचा म्हणजे रेडियम किती मिलिग्रॅम आणि किती तास, एवढाच हिशेब. डॉक्टर आणि नर्स हातांनी सुया बसवायचे आणि स्वतः किरणं झेलायचे. आज वायर मशीन चालवतं, आम्ही जाड भिंतीबाहेर असतो. मोजण्याची रीतही बदलली. कुपीच्या आत पदार्थ किती आहे यापेक्षा कुपीच्या बाहेर काय येतं, ते महत्त्वाचं. आतल्या किरणांतली काही कुपीच्या भिंतीतच अडतात आणि पेशंटला जे मिळतं ते बाहेर पडलेलंच. म्हणून आता सोर्सची तीव्रता १ मीटर अंतरावरच्या हवेत किती केर्मा, म्हणजे किरणांनी हवेत सोडलेली ऊर्जा, भरतो, यावरून सांगतात. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. जे पोचतं, तेच मोजायचं.

मोजण्याचं साधन म्हणजे वेल चेंबर. नावाप्रमाणे विहिरीसारखं खोल, मध्ये उभी पोकळी असलेलं भांडं. पोकळीत नळी, नळीत सोर्स. भोवतीच्या हवेत किरणांमुळे विद्युतभार सुटा होतो. ३०० व्होल्ट देऊन तो गोळा करायचा आणि इलेक्ट्रोमीटरवर वाचायचा. ताज्या सोर्सला आमच्या चेंबरमध्ये ऐंशी-नव्वद नॅनोअँपिअर येतात. आधी सोर्स थोडा थोडा सरकवत सर्वांत जास्त रीडिंग कुठे येतं ती जागा शोधायची. त्या शिखरावर रीडिंग सपाट असतं, जागा अर्धा मिलीमीटर हलली तरी फरक पडत नाही, म्हणून मोजायचं तिथेच. मग व्होल्टेज निम्मं करून बघायचं की सुटलेला सगळा भार खरंच गोळा होतोय की वाटेत काही विरतोय. चेंबर भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, स्टँडवर ठेवायचं, कारण भिंतीवर आपटून परतलेले किरणही ते मोजून टाकतं. दुसरी एक जुनी पद्धत आहे. छोटं चेंबर सोर्सपासून मोजून १० सेंटिमीटरवर उघड्या हवेत ठेवायचं. ती मी पडताळ्यासाठी वापरते, पण तिथे अंतरात १ मिलीमीटर इकडचं तिकडे झालं की उत्तर २ टक्क्यांनी हलतं. वेल चेंबर या बाबतीत क्षमाशील आहे.

क्षमाशील नाही ती हवा.

चेंबर बंद डबा नाही. त्याला बारीक छिद्र असतं आणि आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा विरळ असेल तर किरणांना आदळायला रेणू कमी, रीडिंग कमी. दाट असेल तर उलट. रीडिंगवरून तीव्रता काढायला भाभा केंद्राच्या ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेने दिलेला गुणक एका ठरावीक तापमानाला आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाला लागू असतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथला दाब ऋतूप्रमाणे ९४०-९५५च्या दरम्यान हलतो. नुसत्या दाबापायी रीडिंगला साधारण ७ टक्क्यांची दुरुस्ती करावी लागते. तापमानाची वेगळी, १ अंशाला एक टक्क्याचा तिसरा हिस्सा.

दाबाचं असं की तो दिवसातही एका जागी राहत नाही. आपल्या भागात सकाळी दहाच्या सुमाराला तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला तीन-चार हेक्टोपास्कल उतरतो, रोज, वादळ-वाऱ्याशिवायही. मी शिवऱ्याहून निघते तेव्हा बऱ्याचदा डिजिटल बॅरोमीटर पिशवीत असतो. कात्रजच्या बोगद्याकडे गाडी चढते तसा आकडा खाली येतो, पलीकडे पुण्यात उतरताना वर जातो. शाळेत भूगोलात वाचलेली गोष्ट रोजच्या रस्त्यावर डोळ्यांनी दिसते. नव्या मुलांना मी हा प्रवास करायला लावते, कारण सूत्र पाठ असणं वेगळं आणि दाब ही त्या त्या जागेची चीज आहे हे अंगात भिनणं वेगळं.

एकदा एका रुग्णालयातून फोन आला. नाव सांगायचं कारण नाही. सोर्स नुकताच बदललेला, त्यांचं मोजमाप कागदापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त खाली येत होतं. दोन-तीनदा मोजूनही तेच. आमच्याकडचा नियम असा की ३ टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे जायचं. त्यावर गेला तर कारण शोधायचं आणि ५ टक्के ओलांडले तर सगळं थांबवून कंपनीशी बोलायचं. त्यांनी उपचार थांबवले होते, ही त्यांची मोठी गोष्ट. मी माझं चेंबर घेऊन गेले. माझा आकडा कागदाशी जुळला. मग त्यांची वही घेऊन बसलो. तापमान ठीक, गुणक ठीक, व्होल्टेज ठीक. दाबाच्या रकान्यात एक हजाराच्या वरचा आकडा. खोलीतला बॅरोमीटर बिघडला होता आणि दाब मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमधून घेतला होता.

अ‍ॅपमधला आकडा खोटा नव्हता. हवामानाच्या नकाशावर कोकण आणि महाबळेश्वर शेजारी शेजारी ठेवून तुलना करता यावी म्हणून हवामानशास्त्रात प्रत्येक ठिकाणचा दाब हिशेबाने समुद्रसपाटीला आणतात. त्यांच्या कामाला तो हवाच. पण आमच्या चेंबरच्या छिद्रातून आत शिरते ती त्या खोलीतली हवा. तो आकडा तसाच वापरला गेला असता तर सोर्स आहे त्यापेक्षा दुबळा आहे असं समजून मशीनने प्रत्येकीला ६ टक्क्यांहून जास्त वेळ किरणं दिली असती. प्रत्येकीला, दर वेळी, पुढचा सोर्स येईपर्यंत.

या कामाचं खरं वजन इथे आहे. डॉक्टरच्या हातून अ‍ॅप्लिकेटर जरा वाकडा बसला तर एका पेशंटचा एक सेशन बिघडतो, आणि स्कॅनमध्ये तो बहुधा दिसतोही. सोर्सचं हे मोजमाप, म्हणजे कॅलिब्रेशन, चुकलं तर तीन-चार महिने त्या यंत्राखालून गेलेल्या सगळ्यांचं चुकतं, आणि दिसत काहीच नाही. शरीर लगेच बोलत नाही. कमी डोस पडला तर वर्ष-दोन वर्षांनी आजार परततो आणि सगळे म्हणतात, नशीब. जास्त पडला तर काही महिन्यांनी शौचावाटे रक्त जायला लागतं आणि म्हणतात, या उपचारात होतं कधीकधी असं. होतंही. म्हणूनच मागे वळून कारण सापडत नाही. मोजायची वेळ एकदाच असते, सोर्स बसल्यावर आणि पहिली पेशंट आत येण्याआधी.

मोजून झालं म्हणजे संपलं असंही नाही. इरिडियम-१९२ची अर्धायु ७३.८ दिवसांची. रोज तो जवळजवळ १ टक्क्याने ओसरतो. आज ५ मिनिटांत होणाऱ्या उपचाराला अडीच महिन्यांनी १० मिनिटं लागतात. मशीनचा कॉम्प्युटर हा हिशेब स्वतः करतो, पण त्याला सुरुवातीचा आकडा, तारीख आणि वेळ माणूसच देतो. कागदावरची वेळ मध्य युरोपातली असेल तर आपल्या वेळेशी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. उत्तरात तो जेमतेम ०.२ टक्के. एवढ्याशासाठी कशाला डोकं लावायचं, असं मला विचारतात. माझं उत्तर असं की जी चूक आपल्याला माहीत आहे ती ठेवायची नाही; जागा माहीत नसलेल्या चुकांसाठीच ते ३ टक्के राखून ठेवायचे.

सकाळी पेशंट यायच्या आधीही यंत्र रोज तपासतो. सोर्स सांगितलेल्या जागी थांबतो का ते बघतो, वेळ मोजून घेतो, दार उघडल्यावर सोर्स आत ओढला जातो का तेही. आणि खोलीत शिरताना सर्व्हे मीटर हातात. याचं कारण १९९२च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इंडियाना गावी एका वृद्ध बाईच्या ब्रेकी उपचारात वायर तुटली आणि इरिडियमची कुपी शरीरातच राहिली. भिंतीवरचा मॉनिटर धोका दाखवत होता. पण तो आधी खोटे इशारे देत असे आणि यंत्राच्या पॅनेलवर तर सोर्स सुरक्षित असल्याचं दिसत होतं. हातातलं मीटर कुणी उचललं नाही. बाईंना त्या राहत होत्या त्या शुश्रूषागृहात परत नेलं. पाच दिवसांनी त्या गेल्या. पॅनेलवरची अक्षरं हीसुद्धा शेवटी सोबत आलेल्या कागदासारखीच एक बातमी. डिप्लोमाच्या वर्गात ही घटना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते. आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी ती सांगते आणि मीटर त्यांच्या हातात देते.

पेशंटला यातलं काही सांगत नाही, पण त्यांना एक गोष्ट सांगतेच: दार बंद झालं तरी मी तुम्हाला पडद्यावर बघतेय, हात वर केला की मशीन थांबवीन. त्या दहा-पंधरा मिनिटांत खोलीत दुसरं कुणी नसतं, आणि आमच्याकडच्या बायकांना यंत्रापेक्षा त्या एकटेपणाचीच भीती वाटते. वेल्ह्याकडच्या एक मावशी टेबलावर झोपल्या झोपल्या मला विचारत होत्या.

"कोनच्या गावची गं तू?"

"शिवऱ्याची."

"म्हंजी आमच्याच अंगाची की. मंग नीट मोजून दे बाई."

त्या मोजून हा शब्द तांदूळ-गहू मोजावा तसा बोलल्या असतील. मी मात्र नळ्या जोडता जोडता थबकले. माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन मला कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "मोजलंय मावशी. दोघींनी मोजलंय."

ते खरं होतं. आमच्या विभागात सोर्सचं मोजमाप दोन माणसं वेगवेगळं करतात. रीडिंगचा कच्चा कागद मी जोडीदार फिजिसिस्टला देते, माझं उत्तर देत नाही. तिने तिचं उत्तर लिहून सही केली की मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. एकाच्याच डोळ्याखालून गेलेला हिशेब कितीही वेळा तपासला तरी तो माणूस त्याच जागी घसरतो, असा माझा अनुभव आहे. जिथे फिजिसिस्ट एकच आहे, तिथे ही सोय नाही, आणि अशी रुग्णालयं जिल्ह्याच्या गावांत बरीच आहेत. त्यांनी एकमेकांचे हिशेब तपासून द्यावेत, शेजारच्या गावचं चेंबर एक दिवस उसनं आणावं, असं मी भेटेल त्याला सांगत असते. काहींनी सुरू केलंय. कोबाल्ट-६०चे सोर्स आता वाढताहेत. त्याची अर्धायु ५.२७ वर्षं, म्हणजे दर तीन-चार महिन्यांचा सोर्स बदल टळतो, खर्च वाचतो, लहान रुग्णालयांना परवडतं. मला त्यात आनंदाइतकीच काळजीही दिसते. तिथे सुरुवातीला मांडलेला चुकीचा आकडा काही महिने नव्हे, काही वर्षं टिकेल. अधूनमधून मोजण्याची शिस्त कोबाल्टला जास्त लागणार आहे.

आमचं चेंबर तरी बरोबर आहे कशावरून, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दर दोन वर्षांनी ते ट्रॉम्बेला भाभा केंद्रात न्यायचं. तिथलं प्रमाण पुढे जगातल्या प्रमाणांशी ताडलेलं असतं. चेंबर मी कुरिअरने पाठवत नाही, गाडीत मांडीवर घेऊन जाते. पोचल्यावर ते त्या खोलीत कित्येक तास नुसतं ठेवून द्यावं लागतं. उन्हातून आलेलं धातूचं भांडं सावकाश निवतं आणि निवेपर्यंत त्याचं रीडिंग सरकत राहतं. पावसाळ्यात आणखी एक त्रास. आमच्या भागातला पाऊस आणि मुंबईची दमट हवा, केबलच्या जोडात जरा ओल शिरली की सोर्स नसतानाही इलेक्ट्रोमीटरवर गळती दिसायला लागते. सिलिका जेलच्या कपाटात सगळं ठेवूनही तेव्हा रीडिंगआधी जास्त वेळ थांबावं लागतं.

यंदा चेंबरची दोन वर्षं जुलैत पुरी होतात, म्हणून मी एप्रिलचीच वेळ मागितली आहे. नवा सोर्स चेंबर परत आल्यावरच मागवायचा, असं वेळापत्रक जमवलंय. तोवर जुन्यावर काम चालेल. नसरापूरकडच्या एका मावशींचे दोन सेशन राहिलेत. त्यांना टेबलावर आधीपेक्षा काही मिनिटं जास्त थांबावं लागेल, डोस तेवढाच मिळेल, आणि हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, म्हणजे जास्त वेळ लागतोय म्हणून आत एकट्या असताना त्या घाबरणार नाहीत.